तळघरातला हरवलेला आवाज

१

शुक्रवारी सकाळी नेरिस प्रोबर्टनं कपाटातून पुठ्ठ्याचा चौकोनी डबा काढला, रीळ यंत्रावर चढवलं, बटण दाबलं, आणि पापा कटलासच्या मखमली आवाजाऐवजी स्पीकरमधून एक पाद्री गरजला, "योना माशाच्या पोटात का गेला? कारण तो पळाला होता!"

नेरिसनं रीळ काढून उलटसुलट पाहिलं आणि पुन्हा लावलं. पाद्री पुन्हा गरजला.

तासाभरात एव्हरिल मॅटिस बेथनी चॅपलच्या तळघरात हजर झाली. पन्नाशी गाठलेली, धिप्पाड, पायात सपाट बूट. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत वाढलेल्या काळ्या मुलीनं पोलिसात जावं हे ना गल्लीला पटलं होतं, ना पोलिसांना. बरीच वर्षं दोन्हीकडची बोलणी खाऊन तिनं नोकरी सोडली आणि न्हाव्याच्या दुकानावर स्वतःची कचेरी थाटली. आता बहुतेक काम हरवलेल्या मांजरांचं आणि पळालेल्या नवऱ्यांचं. मांजरं लवकर सापडत.

"पोलीस नकोत, आंटी," नेरिस म्हणाली. ती वेल्सची, लाल केसांची, 'रेड अँकर' या बँडची ध्वनिमुद्रक. "उद्या कार्निव्हल आहे. आदल्या दिवशी चॅपलच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली, तर अख्खी गल्ली काय समजेल?"

"समजायचं ते समजेलच. तू मला सगळं पहिल्यापासून सांग."

काही गोष्टी एव्हरिलला सांगायची गरज नव्हती. 'टाइड कम होम' हे गाणं ब्रिस्टलमध्ये ठाऊक नसलेला माणूस विरळा. चौऱ्याहत्तर साली लिनव्हल रेनी ऊर्फ पापा कटलास यानं ते गायलं होतं. तिच्या वडिलांच्या 'साउंड'वर, म्हणजे कपाटाएवढ्या स्पीकरांच्या त्या फिरत्या गाड्यावर, ते इतक्या वेळा वाजलं होतं की शेजाऱ्यांच्या बशा त्या तालावर थरथरायला शिकल्या होत्या. तिच्या लग्नातही तेच वाजलं. लग्न टिकलं नाही, गाणं टिकलं.

आणि मागच्या हिवाळ्यात एका जुन्या स्टुडिओवाल्याच्या बायकोला माळ्यावर त्या गाण्याची मूळ टेप सापडली. वाद्यं नाहीत, नुसता आवाज. 'रेड अँकर'नं त्या आवाजाखाली नवा बास घातला, भोवती डबचे, म्हणजे लांबवलेल्या प्रतिध्वनींचे, घुमारे सोडले, आणि मध्ये डेंझिल पिक या त्यांच्या रॅपरनं आपलं कडवं गुंफलं. लंडनच्या कंपनीला गाणं इतकं आवडलं की सगळा अल्बमच त्याच्या नावानं काढायचं ठरलं. उद्या कार्निव्हलच्या ट्रकवर पापांचा सत्कार, आणि सोमवारी मूळ टेप लंडनला.

"शेवटची कधी ऐकलीस?"

"काल सकाळी. आम्ही सगळे होतो. मी, डेंझिल, पापा. वरच्या चॅपलच्या मिस व्हर्ना चहा घेऊन आल्या होत्या. पापांना डबा हातात देऊन फोटोसुद्धा काढला. मग मी म्हटलं, टेपचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो. तिचा वेग कधीतरी बिघडलाय. उद्या चांगल्या यंत्रावर लावून वेग नीट करते."

"त्यावर कुणी काही बोललं?"

"डेंझिल भडकला. त्याचं कडवं त्या वेगावर बसलंय ना! 'फेकून द्या मग ती टेप,' म्हणाला. मिस व्हर्नांच्या हातून कप फुटला. पापा म्हणाले, जुनं आहे, जुन्यासारखं राहू दे. नंतर दुपारभर आम्ही ट्रकवर सामान चढवत होतो, दार उघडंच होतं. आत कुणीही जाऊ शकत होतं."

एव्हरिलनं कपाटाकडे पाहिलं. खालच्या फळीवर कोऱ्या रिळांची चळत होती. ती तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

"हा पाद्री कोण?"

नेरिसनं छताकडे बोट दाखवलं. "रेव्हरंड गेल. वरचं चॅपल त्यांचंच. आजारी लोकांसाठी त्यांची प्रवचनं मुद्रित करून ठेवायचे, ती वर मागच्या खोलीत असतात. ते वारले. आता सगळं त्यांची मुलगी बघते. मिस व्हर्ना." ती क्षणभर थांबली. "आमच्या तळघराची दुसरी किल्लीही त्यांच्याचकडे असते."

२

डेंझिल ट्रकजवळ दोऱ्या आवळत होता. त्याची आई कॉर्नवॉलची, बाप जमैकाचा, आणि जीभ खास ब्रिस्टलची.

"या, आंटी. वर्दी उतरवली तरी नजर तीच हं."

"आणि तुझी जीभ तीच. टेप फेकून द्या म्हणालास काल?"

"बोललो. रागात मी आजीलासुद्धा विकून टाकीन म्हणतो. आजी आहे अजून."

"दुपारी काखेत काहीतरी गोल चपटं दाबून तू ट्रकमध्ये चढलास. समोरच्या भाजीवाल्यानं पाहिलं."

डेंझिलनं दात विचकले. "भाजीवाला! त्याला टोमॅटो सडके आहेत ते दिसत नाही, माझी काख बरी दिसते." त्यानं ट्रकमधल्या पिशवीतून एक काळी चकचकीत तबकडी काढली. "ही बघा. डबप्लेट. एकच प्रत निघते, चार-दोनदा वाजवली की झिजते. टेपची कॅसेट केली होती आम्ही, तिच्यावरून कापून आणली. म्हटलं, नेरिसनं वेगाचा सत्यानाश केलाच, तर उद्या हीच वाजवू. आता सांगा, ज्याला आवाज नाहीसा करायचा असेल, तो त्याची तबकडी कापत बसेल का?"

एव्हरिलला हे पटलं. तरी तिनं तसं दाखवलं नाही.

"ती कॅसेट आहे तुझ्याकडे?"

"घ्या. पण हा आवाज कॅसेटवर म्हणजे दाराआडून ऐकल्यासारखा. लंडनवाले ही घेणार नाहीत." त्यानं कॅसेट दिली, पण हात मागे घेतला नाही. "आंटी, एक विचारू? तुम्ही पापांना पूर्वी खूप ऐकलंय. 'टाइड कम होम'चं धृपद त्यांनी लोकांसमोर कधी गायलंय?"

"शेकडो वेळा."

"नीट आठवा."

एव्हरिलनं आठवलं. पापा कटलास तालावर बोलायचे, थट्टा करायचे, गर्दीला हसवायचे आणि नाचवायचे. धृपद आलं की माइक गर्दीपुढे धरायचे आणि सगळं सेंट पॉल्स गायचं. ती स्वतः गायली होती. पापा? पापा डोळे मिटून हसत असायचे.

"ती त्यांची अदा होती," ती म्हणाली.

"असेल. मला काय, मी तेव्हा जन्मलो नव्हतो." डेंझिलनं इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "आणि हे मी बोललो नाही. काल दुपारी मी मिस व्हर्नांना तळघराच्या जिन्यावरून वर येताना पाहिलं. दोन्ही हात ॲप्रनखाली होते. मला बघून त्या अशा दचकल्या, जसा मीच पाद्री आहे."

३

चॅपलच्या मागच्या खोलीत काल वृद्धांचं गुरुवारचं जेवण झालं होतं. आज मिस व्हर्ना मोठं पातेलं घासत होती. पंचेचाळिशीची, उंच, केस घट्ट बांधलेले. तिच्या मागे भिंतीवर प्रवचनांच्या डब्यांची रांग होती. सगळे एकसारखे, करडे. प्रत्येकाच्या कडेवर बारीक अक्षरांत तारीख होती.

"मला त्यांच्या संगीतातलं काही कळत नाही," एव्हरिलनं विचारायच्या आत ती म्हणाली. "भाडं वेळेवर देतात, शिव्या दार लावून देतात. माझी तक्रार नाही."

"तुम्ही काल खाली गेला होता."

"चहाचे कप आणायला."

"दुपारी?"

मिस व्हर्नानं पातेलं पालथं घातलं.

"टेपच्या जागी कुणीतरी तुमच्या वडिलांचं एक प्रवचन ठेवलंय," एव्हरिल म्हणाली. "योना आणि मासा."

मिस व्हर्ना सर्रकन वळली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. "योना? ते त्यांचं शेवटचं आहे! त्याची दुसरी प्रत नाही. कुठंय ते? यंत्रावर चढवलं? पुसलं तर नाही ना त्यांनी?"

एव्हरिलनं पिशवीतून रीळ काढून दिलं. मिस व्हर्नानं ते छातीशी धरलं, मग रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवलं. "आता हे माझ्यापाशीच राहील," ती म्हणाली.

मागच्या अंगणात पापा कटलास, म्हणजे लिनव्हल रेनी, आल्याचं सरबत घेऊन उन्हात बसला होता. पासष्टी उलटलेली, उन्हाळ्यातही डोक्यावर हॅट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनं दूध साकळलेलं. शस्त्रक्रियेची तारीख तो दर वेळी काहीतरी निमित्त काढून पुढे ढकलत असे.

"कोण, एव्हरिल? तुझ्या बापाच्या बुटांचा आवाज येतो तुझ्या बुटांना."

"अंकल लिनव्हल, टेपचं कळलं ना?"

"कळलं. वाईट झालं." त्यानं घोट घेतला. "जुनी चीज. जशी आली तशी गेली."

"तुमचाच आवाज आहे त्यावर. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"या वयात माणसाचं बरंच काही हरवतं, पोरी. दात हरवले, बायको हरवली, आता डोळे चाललेत." मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे आता ते वेगाबिगाचं काम राहिलंच म्हणायचं?"

"टेपच नाही, तर वेग कशाचा?"

"तेही खरं," तो म्हणाला आणि हॅट पुढे ओढली.

तो उठला तसं दारातून मिस व्हर्नाचा आवाज आला, "लिनव्हल, पायरी आहे. डावीकडून ये."

एव्हरिल चमकली. मिस व्हर्ना गल्लीतल्या पोरासोरांनाही अहो-जाहो करायची. तिला कुणाला अरे-तुरे करताना एव्हरिलनं आजवर ऐकलं नव्हतं.

"काल जेवणानंतर त्यांना घरी कोणी सोडलं?" लिनव्हल गेल्यावर तिनं विचारलं.

"मीच. त्या भिंतीपाशच्या नेहमीच्या खुर्चीवरून उठवलं, बसपर्यंत नेलं. हॅट त्यांच्या डोक्यावर ठेवली, काठी हातात दिली." मिस व्हर्ना पुन्हा 'त्यांच्या'वर आली होती. "का?"

"हातात आणखी काही नव्हतं?"

"पातळ शर्टातला आंधळा माणूस काय लपवणार, मिस मॅटिस?"

४

संध्याकाळी एव्हरिलनं स्वयंपाकघरात कॅसेट लावली आणि केळी तळायला घेतली. आवाज खोलीत भरला. खोल, संथ, खडीसाखरेसारखा विरघळणारा. 'पाणी जातं दूर, पाणी येतं घरी'. तिचे वडील खुर्चीत डोळे मिटून बसलेले तिला दिसले. शेवटची ओळ संपली आणि त्या शांततेत दुरून घंटा ऐकू आली. एक ठोका, मग दुसरा.

ही घंटा तिनं असंख्य वेळा ऐकली होती. चॅपलच्या समोरच्या, सेंट बार्नबसच्या मनोऱ्यातली. तिच्यावर ती शाळेत गेली होती, तिच्यावर तिच्या आईला निरोप दिला होता. पण आज ती घंटा तिला परकी वाटली, जणू सर्दी झालेली.

तिनं टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून सहाचे ठोके पडायला लागले. खरी घंटा, तीच, जिवंत. एव्हरिल हातात उलथनं धरून तशीच उभी राहिली. लहानपणी ती शाळेच्या गायकवृंदात होती, कान अजून शाबूत होता. खिडकीतली घंटा वर होती आणि कॅसेटमधली खाली, चार पट्ट्यांहूनही जरा जास्त खाली.

माणसाचा आवाज वयानुसार उतरतो. पितळेची घंटा उतरत नाही.

केळी करपली. तिनं चूल बंद केली आणि बूट चढवले.

तळघरात नेरिस आणि डेंझिल एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"तुझं ते यंत्र," एव्हरिल धापा टाकत डेंझिलला म्हणाली, "आवाजाचा तुकडा उचलून हवा तसा पळवणारं. त्यात ही कॅसेट घाल. शेवटची घंटा आणि तिच्या आधीचं गाणं, दोन्ही एका तुकड्यात."

"सॅम्पलर? आत्ता?"

"मग काय ख्रिसमसला?"

डेंझिलनं तुकडा उचलला. एव्हरिलनं समोरच्या घंटेचा सूर गुणगुणत धरून ठेवला आणि बोटानं खूण केली: वर. अजून. डेंझिल चाक फिरवत गेला. कॅसेटमधली घंटा पायरी-पायरीनं चढत एव्हरिलच्या सुराला येऊन मिळाली.

"थांब. आता इथंच ठेव, आणि गाणं लाव."

त्यानं बटण दाबलं. पहिली ओळ वाजली आणि नेरिसच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

स्पीकरमधून गात होती एक तरुण बाई. तिचा श्वास, तिची हरकत, शब्दाच्या शेवटी तो हलका झोका. काही म्हणजे काही चुकत नव्हतं. दर रविवारी सगळे तो आवाज ऐकत होते.

वर चॅपलमध्ये स्तोत्राचा सराव चालला होता. ऑर्गनचा स्वर अर्ध्यातच तुटला.

५

मिस व्हर्ना जिना उतरून आली. ती स्पीकरकडे पाहत राहिली, स्टेशनवर अवचित एखादी ओळखीची व्यक्ती दिसावी तसं.

"मी बावीस वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबा बर्मिंगहॅमला गेले होते. लिनव्हलकडे शब्द होते, चाल होती, पण गळा नव्हता. त्याच मागच्या खोलीत मुद्रण केलं. बाबा म्हणायचे, सैतानाला ढोल पुरतात, त्याला गळा देऊ नका. त्यांना कळलं असतं, तर माझं या घरातलं नाव पुसलं गेलं असतं. मग स्टुडिओवाल्यानं यंत्राचं चाक मागे फिरवलं. माझा आवाज पुरुषाचा झाला. लिनव्हलनं शपथ घेतली, मी जगाला सांगेपर्यंत तो सांगणार नाही."

"आणि तुमच्या वडिलांना कधीच कळलं नाही?" नेरिसनं विचारलं.

मिस व्हर्नाच्या ओठांवर विचित्र हसू आलं. "उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या. समोरून ते गाणं यायचं. बाबा हात थांबवून ऐकायचे आणि म्हणायचे, हा माणूस नरकात जाणार, पण गातो मात्र देवदूतासारखा."

डेंझिलनं घसा खाकरला. "मग काल जिन्यावर..."

"टेप घ्यायलाच गेले होते. नेरिस वेग नीट करणार म्हणाली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. कपाटापाशी उभी राहिले. हात इतके थरथरत होते की ॲप्रनखाली धरावे लागले. नाही जमलं. माझाच आवाज मी चोरून कुठं नेणार होते?" तिनं एव्हरिलकडे पाहिलं. "विश्वास ठेवा किंवा ठेवू नका."

"ठेवते," एव्हरिल म्हणाली. "सकाळपासूनच ठेवलाय. इथं कपाटात कोऱ्या रिळांची चळत पडलीय. नेरिसला किंवा डेंझिलला डब्यात दुसरं रीळ घालायचं असतं, तर त्यांनी हात लांब करून त्यातलं उचललं असतं, प्रवचनासाठी वर कशाला गेले असते? तेव्हा अदलाबदल करणारा वरचा, मागच्या खोलीत कुणाला न खटकता बसणारा. वरच्या तुम्ही. पण तुमच्या वडिलांचं शेवटचं प्रवचन, ज्याची दुसरी प्रत नाही, ते तुम्ही अशा यंत्राखाली घालाल, जिथं एका बटणानं ते पुसलं जाईल? सगळे डबे सोडून तोच? सकाळी तुमचा चेहरा पाहिला आणि मला माझं उत्तर मिळालं."

"मग कोण?" नेरिस म्हणाली.

"ज्याला डब्याच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत तो. त्यानं हाताला लागलं ते उचललं. काल वृद्धांच्या जेवणाला तो त्या भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याच सकाळी तुम्हीच फोटोसाठी टेपचा डबा त्याच्या हातात दिला होता. आंधळी बोटं एकदा हाताळलेला डबा विसरत नाहीत. आणि आज एवढ्या लोकांत त्यानं एकट्यानंच मला विचारलं, की आता वेगाचं काम राहिलं ना."

मिस व्हर्ना जिन्याच्या पायरीवर बसली. "लिनव्हल," ती पुटपुटली.

लिनव्हलला आणायला डेंझिल गेला. वाटेत त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण म्हातारा आला तो हॅट हातात घेऊनच.

"मी घेतली," तो म्हणाला. कुणी विचारायची वाटही पाहिली नाही. "मी हिला शब्द दिला होता."

"फक्त शब्दासाठी, अंकल?" एव्हरिलनं हळूच विचारलं.

तो हॅटची कड चाचपत राहिला. "आधी शब्दासाठीच. मग लोक टाळ्या वाजवायला लागले. रस्त्यात बायका हात धरायच्या. तुझा बाप, एव्हरिल, मला मिठी मारून रडला होता. मी काय सांगणार होतो त्याला? शब्द कुठं संपला आणि टाळ्यांची चटक कुठं लागली, आता माझं मलाच सांगता येत नाही. उद्या सत्कार म्हणाले, आणि त्याच्या आदल्याच दिवशी ही पोरगी वेग नीट करणार म्हणाली. मी घाबरलो."

एव्हरिलला राग यायला हवा होता. आलाही, थोडा, वडिलांसाठी. पण समोर उभा असलेला माणूस इतका मोडून गेला होता, की त्या रागाला बसायला जागाच सापडेना.

"टेप फेकली का?" नेरिसनं श्वास रोखून विचारलं.

"फेकली नाही, अंकलनी ती इमारतीबाहेरही नेली नाही," एव्हरिलच म्हणाली. "बसपर्यंत मिस व्हर्ना सोबत होत्या, हात रिकामे होते. प्रवचनाचं रीळ खाली आलं, तेव्हा वर त्याचा डबा रिकामा उरला. मिस व्हर्नांनी सकाळी रीळ पर्समध्ये ठेवलं, म्हणून तो कुणी उघडलाच नाही."

ते सगळे वर गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कडेच्या करड्या डब्यात, जिथं योना असायला हवा होता, तिथं टेप होती. मिस व्हर्नानं ती दोन्ही हातांनी उचलली.

"मिस व्हर्ना," एव्हरिल म्हणाली, "मला टेप शोधायला बोलावलं होतं. टेप सापडली. आता आवाज कुणाचा सांगायचा, हे माझं काम नाही. नेरिस वेग आहे तसाच ठेवू शकते. उद्या अंकलचा सत्कार होईल, कुणाला काही कळणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

मिस व्हर्नानं टेप रुमालात गुंडाळली. पर्स उचलली, दिवे मालवले आणि टेप घेऊन घरी गेली.

६

शनिवारी सकाळी रस्त्यावर ढोल वाजायला लागले होते. कोंबडीच्या भाजणीचा धूर खिडक्यांतून आत येत होता. ट्रक सजून उभा होता आणि 'रेड अँकर'ची माणसं चॅपलच्या दाराकडे डोळे लावून बसली होती.

मिस व्हर्ना आली ती पिवळ्या झग्यात. गल्लीनं तिला करड्याशिवाय कशात पाहिलं नव्हतं. तिच्यामागे लिनव्हल, एव्हरिलच्या हाताला धरून.

"गायकवृंदातल्या बायकांना मी सकाळी सांगून टाकलं," ती नेरिसला म्हणाली. "दोघी उठून गेल्या. बाकीच्यांनी विचारलं, उद्यापासून सरावाला तेच गाणं घ्यायचं का." तिनं टेप पुढे केली. "लाव. नीट वेगावर. मी माझा हा आवाज आजवर ऐकलेलाच नाही. त्या दिवशी चाक मागे फिरवलं ते फिरवलंच. काल खालून जिन्यातून वर आला तेवढाच."

सगळे तळघरात उतरले आणि नेरिसनं रीळ चढवलं. हळूहळू चाक पुढे नेलं. सूर बरोबर पट्टीवर येऊन बसला आणि बावीस वर्षांची मुलगी गायला लागली.

मिस व्हर्नानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. लिनव्हलच्या दुधाळ डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. एव्हरिलला वाटलं, आपले वडील असते तर? ते आधी रागावले असते. मग म्हणाले असते, पुन्हा लावा.

गाणं संपलं. नेरिसनं यंत्र थांबवलं.

"मला सत्कार नको," लिनव्हल अखेर म्हणाला. "ट्रकवर चढून मी सांगणार आहे. सगळं. लोकांनी दगड मारले तर मारू देत."

"दगड कोण मारतंय तुला," मिस व्हर्ना म्हणाली. "शब्द तुझे होते, चाल तुझी होती. तेही सांग. निम्मं खरं सांगायची सवय आता सोड."

"सोडतो."

"आणि डोळ्यांची तारीख पुन्हा पुढे ढकललीस, तर मी स्वतः ओढत नेईन."

डेंझिल हसला. बाहेरून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मिरवणूक हलायला लागली होती.

"चला, चला!" नेरिस उठली. "मिस व्हर्ना, आता सांगा तरी. कसं वाटलं?"

मिस व्हर्नानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि कपाळाला आठी घातली.

"दुसऱ्या ओळीत मी घसरलेय," ती म्हणाली. "आणि शेवटचा श्वास चोरलाय. एवढी वर्षं लोकांनी हे चालवून कसं घेतलं? माइक लाव."

"आत्ता? मिरवणूक..."

"माइक लाव म्हटलं ना."

नेरिसनं माइक लावला. मिस व्हर्ना त्याच्यापुढे उभी राहिली, खांदे मागे घेतले, आणि पहिल्या सुरालाच तळघराच्या भिंती जाग्या झाल्या. आवाज आता तरुण राहिला नव्हता. त्यात मधली सगळी वर्षं होती, आणि तो त्यांच्यासकट उभा होता.

भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. डेंझिल एकेक पायरी गाळत जिना चढला आणि दारातून रस्त्यावरच्या गोंगाटात ओरडला,

"थांबव रे गाडी! गायिका अजून गातेय!"